ती चांदणी बघितलीत का? सप्लिमेंटच्या बाटलीमागे काय लिहिलेलं असतं आणि काय नसतं

अमेरिकेतली कुठलीही सप्लिमेंटची बाटली हातात घ्या, समोर मोठ्या अक्षरात काहीतरी छान लिहिलेलं असतं, 'रोगप्रतिकारशक्तीला आधार' वगैरे, आणि नीट बघितलंत तर त्या वाक्याच्या शेवटी एक बारीकशी चांदणी असते. आता बाटली फिरवा. मागे कुठेतरी कोपऱ्यात तीच चांदणी परत दिसेल, आणि तिच्यापुढे चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात लिहिलेलं असतं की या विधानाचं मूल्यमापन अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, केलेलं नाही, आणि हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही.

म्हणजे पुढून म्हणतायत घ्या, फायदा होईल, आणि मागून म्हणतायत आम्ही असं काही म्हटलेलंच नाही!

मला बरीच वर्षं वाटायचं की ही वकिलांची नेहमीची हात झटकायची भाषा असेल. तसं नाहीये. ते वाक्य छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि सप्लिमेंटचा अख्खा कारभार कसा चालतो हे कळायला ते एकच वाक्य पुरेसं आहे. फक्त ते उलगडायला थोडं मागे जावं लागतं.

## आधी दोन-तीन शब्द

'पूरक' आणि 'पर्यायी' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात पण फरक मोठा आहे. नेहमीचे उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला काही केलं, उदाहरणार्थ केमोथेरपी चालू असताना मळमळीसाठी अ‍ॅक्युपंक्चर, तर ते पूरक. नेहमीचे उपचार सोडून त्यांच्या जागी दुसरं काही घेतलं तर ते पर्यायी. २०१८ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात २८१ रुग्ण असे होते ज्यांचा कॅन्सर शरीरात पसरलेला नव्हता आणि तरी त्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींच्याही वर. तेव्हा 'जोडीला' की 'ऐवजी' हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही.

आणि सप्लिमेंट म्हणजे आहाराला भर म्हणून तोंडावाटे घ्यायची गोष्ट. व्हिटॅमिन, खनिजं, वनस्पतींचे अर्क, अमिनो आम्लं हे सगळं त्यात येतं. तोंडावाटे हे महत्त्वाचं, कारण तोच अर्क मलम म्हणून चोळायला दिलात तर अमेरिकन कायद्याच्या लेखी ते सप्लिमेंट राहतच नाही.

## औषधाला आधी परीक्षा, सप्लिमेंटला आधी नोकरी

गाडी चालवायच्या लायसन्सचं उदाहरण घ्या. औषधाचं कसं असतं, आधी टेस्ट द्या, पास व्हा, मग लायसन्स, मग गाडी रस्त्यावर. टेस्ट द्यायची जबाबदारी तुमची, खर्च तुमचा. सप्लिमेंटचं उलट आहे. गाडी काढा आणि चालवायला लागा, लायसन्स कोणी मागणार नाही. अपघात झाला आणि पोलिसांना वाटलं की तुम्हाला गाडी येत नाही, तर ते त्यांनीच कोर्टात सिद्ध करायचं. तोपर्यंत तुम्ही रस्त्यावरच.

औषधाची ही परीक्षा काही कोणाच्या डोक्यात सहज आलेली नाही, ती लोकांचे जीव गेल्यावर आलीये. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं औषध पातळ स्वरूपात विकायला काढलं, आणि ते विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल, जे चवीला गोड आणि किडनीला विष. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. आणि कंपनीवर खटला कशाचा, तर नाव चुकीचं ठेवल्याचा! बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं, एलिक्झिर म्हणजे त्यात अल्कोहोल पाहिजे, आणि यात ते नव्हतं. आधी विषारीपणा तपासा असं सांगणारा कायदाच नव्हता, मग बाकी कशात अडकवणार. पुढच्याच वर्षी, १९३८ ला, नवीन औषध सुरक्षित आहे हे विकायच्या आधी दाखवायचा कायदा आला. १९६२ मध्ये थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर, म्हणजे गरोदर बायकांनी घेतलेल्या त्या गोळीने बाळं व्यंग घेऊन जन्मली त्यानंतर, 'गुण येतो' हेही सिद्ध करणं सक्तीचं झालं.

मग सप्लिमेंट यातून सुटली कशी? तर अन्नाच्या दारातून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एफडीए नियम कडक करणार अशी हवा होती, तेव्हा कंपन्यांनी जोरदार मोहीम काढली, सरकार तुमची व्हिटॅमिन काढून घेणार असं लोकांच्या मनात भरवलं, एका जाहिरातीत तर हॉलिवूडचा नट मेल गिब्सन याच्या घरावर व्हिटॅमिन सी-साठी सशस्त्र धाड पडलेली दाखवली होती. सिनेटमध्ये ऑरिन हॅच आणि टॉम हार्किन, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट, दोघांनी मिळून विधेयक रेटलं आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार सप्लिमेंट हा अन्नाचाच एक प्रकार. बाजारात आणायच्या आधी मंजुरी नाही. धोकादायक असेल तर सिद्ध करायचं काम एफडीएचं. फक्त १५ ऑक्टोबर १९९४ च्या आधी बाजारात नसलेला अगदी नवा घटक असेल तर साधारणपणे ७५ दिवस आधी कळवायचं, तेही कळवायचं, परवानगी मागायची नाही. तेव्हा बाजारात ४,००० च्या आसपास उत्पादनं होती असं एफडीए सांगते, आज ती कित्येक पटींनी वाढलीयेत आणि नेमकी किती हे खुद्द एफडीएलाही सांगता येत नाही, कारण प्रत्येक उत्पादनाची नोंद करायची सक्तीच नाही.

## 'आधार देतं' आणि 'बरं करतं'

आता चांदणीकडे परत. सप्लिमेंटवाल्याला रोग बरा करतो म्हणायला बंदी आहे, पण शरीराचा एखादा भाग किंवा त्याचं काम याबद्दल बोलायला मोकळीक आहे. म्हणून 'संधिवात बरा करतो' चालत नाही पण 'सांध्यांच्या आरोग्याला आधार' चालतं. 'कोलेस्टेरॉल कमी करतं' लिहिलं तर तो रोगाचा दावा, पण 'मुळात नॉर्मल असलेलं कोलेस्टेरॉल नॉर्मल राखायला मदत करतं' हे चालतं. परत वाचा ते. नॉर्मल असलेलं नॉर्मल राखायला! ज्याचं नॉर्मल आहे त्याला गोळीची काय गरज, आणि घेणारा तर कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणूनच घेतोय. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, वाचणाऱ्यालाही साधारण माहीत असतं, फक्त कागदावर कोणी बोलायचं नाही.

असे दावे केले की माल बाजारात आल्यापासून ३० दिवसांत एफडीएला कळवायचं आणि ती चांदणीवाली सूचना छापायची, झालं.

यातला सगळ्यात गमतीशीर प्रकार म्हणजे लाल यीस्टचा तांदूळ. त्यात मोनॅकोलिन के नावाचा पदार्थ असतो आणि तो म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची १९८७ साली मंजूर झालेली गोळी. रेणू तोच. एकीकडे डॉक्टरची चिठ्ठी लागते, दुसरीकडे तो 'नैसर्गिक' म्हणून विकला जातो. एफडीएचं म्हणणं आहे की त्यात मोनॅकोलिन नावापुरत्याहून जास्त असेल तर ते बेकायदा औषध, त्यामुळे कंपन्या लेबलवर त्याचं प्रमाण लिहीतच नाहीत. म्हणजे बाटलीत औषध असेल तर ते बेकायदा, नसेल तर उपयोग नाही, आणि आहे का नाही ते घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

## लेबलवर लिहिलेलं तरी आत असतं का

२०२३ साली अमेरिकेत मेलाटोनिन या झोपेशी संबंधित हार्मोनच्या २५ प्रकारच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, तपासल्या. २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला, काहींत लिहिलेल्याच्या तीन पटींहून जास्त, आणि एकात मेलाटोनिन मुळात नव्हतंच. ही गोष्ट लहान मुलांना झोपेसाठी दिली जाते हो!

मुद्दाम केलेली भेसळ हा आणखी वेगळा विषय. २००७ ते २०१६ या काळातल्या एफडीएच्या इशाऱ्यांचा अभ्यास झाला त्यात ७७६ उत्पादनं अशी निघाली ज्यांत न सांगता औषध मिसळलेलं होतं. लैंगिक शक्तीच्या 'हर्बल' गोळीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायाग्रातलं औषध. वजन कमी करायच्या गोळीत सिब्युट्रामिन, जे हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्येच अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं होतं. शरीर कमवायच्या गोळीत स्टेरॉइड. त्यामुळे 'हर्बल आहे पण काय झटक्यात गुण आला' असं कोणी सांगितलं की मला आनंद होण्याऐवजी शंकाच जास्त येते.

आणि 'प्रोप्रायटरी ब्लेंड' हे शब्द दिसले तर थांबा. याचा अर्थ कंपनीने बारा वनस्पतींची नावं दिलीयेत, सगळ्यांचं मिळून वजन दिलंय, पण कुठली किती ते सांगितलेलं नाही. आणि हे कायदेशीर आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते एवढाच काय तो धागा. ज्या महागड्या वनस्पतीचा फोटो पुढे छापलाय ती यादीत शेवटून दुसरी असेल तर काय ते समजून घ्या.

## पण धोकादायक असेल तर सरकार बंदी घालेलच ना?

घालतं, पण किती वर्षांनी ते बघा. एफेड्रा नावाची वनस्पती आहे, त्यात एफेड्रिन असतं, त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, भूक मरते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला आणि व्यायामाची ताकद वाढवायला ती धडाक्यात खपायची. हार्ट अटॅक, झटके, पक्षाघात अशा तक्रारी यायला लागल्या म्हणून १९९७ मध्ये एफडीएने डोसवर मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला, पुरावा कमी पडतोय अशी टीका झाली आणि २००० मध्ये त्यातला मोठा भाग मागे घ्यावा लागला. इकडे एका मोठ्या कंपनीचं म्हणणं होतं की आमच्याकडे गंभीर तक्रारच नाही. २००२ मध्ये फौजदारी चौकशी लागल्यावर त्याच कंपनीने १३,००० च्या वर तक्रारी एफडीएकडे दिल्या. त्या कंपनीकडेच पडून होत्या, कारण सरकारला कळवायचं बंधन नव्हतं!

फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर नावाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावाच्या वेळी उष्माघाताने कोसळला आणि गेला, तपासणीत एफेड्राचा हात असल्याचं पुढे आलं, आणि मग चक्रं हलली. एप्रिल २००४ मध्ये बंदी लागू झाली. म्हणजे १९९४ च्या कायद्याला दहा वर्षं. तरी संपलं नाही, २००५ मध्ये युटा राज्यातल्या एका कोर्टाने एका कंपनीच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला तेव्हा कुठे बंदी टिकली. कंपन्यांनी गंभीर तक्रारी १५ कामकाजाच्या दिवसांत कळवायच्या हा कायदा झाला तोही २००६ मध्येच.

## नैसर्गिकच आहे, त्याने काय होणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लिव्हरमध्ये औषधं मोडून शरीराबाहेर काढणारी एन्झाइम्स असतात, त्यांना सफाई कामगार समजा. औषधाचा डोस ठरवताना एवढे कामगार आहेत, एवढ्या वेगाने काढतील असा हिशोब धरलेला असतो. सेंट जॉन्स वर्ट ही उदासपणासाठी घेतली जाणारी वनस्पती काय करते, या कामगारांची संख्या वाढवते. मग डोस तोच घेतलात तरी औषध भराभर बाहेर फेकलं जातं. २००० साली हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध चालू होतं, ही वनस्पती सुरू केली, सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिच्याने कमी होतो. वनस्पती काही वाईट नाही, सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये तिचा उपयोग होतो असे चांगले अभ्यास आहेत. पण परिणाम करते म्हणजे औषध आहे, आणि औषध आहे म्हणजे दुसऱ्या औषधाशी भांडू शकतं. इफेक्ट हवा आणि साइड इफेक्ट नको, असं निसर्गात पण मिळत नाही.

## हजारो वर्षं वापरतायत, ते काय वेडे होते?

वेडे नव्हते. पण अनुभवातून काय कळतं आणि काय कळत नाही ते बघायला पाहिजे. खाल्लं आणि तासाभरात उलट्या झाल्या, तर पिढी न पिढी लक्षात राहतं. खाल्लं आणि वीस वर्षांनी मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला, हे कोण जोडणार? अरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती कित्येक शतकं औषधात होत्या. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या उपचारात चुकून ती एका चिनी वनस्पतीच्या जागी दिली गेली आणि शंभरेक बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे त्यातल्या कितीतरी जणींना कॅन्सर निघाला, तेव्हा लक्षात आलं.

आणि याची दुसरी बाजू पण तितकीच खरी. चीनमध्ये तू योयो नावाच्या शास्त्रज्ञ मलेरियावर औषध शोधत होत्या, किंगहाओ नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी काम करायचा कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना सापडलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळायचा उल्लेखच नव्हता. त्यांच्या डोक्यात आलं की उष्णतेने घटक खराब होत असेल, म्हणून कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला, आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं, २०१५ चं नोबेल मिळालं. पण ग्रंथात लिहिलंय म्हणून त्या थांबल्या नाहीत, आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर तपासलं.

## आणि औषध कंपन्या काय साधुसंत आहेत?

अजिबात नाहीत. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं, हार्ट अटॅक वाढले म्हणून. पण ते वाढले हे कळलं कशावरून, तर चाचण्या चालू होत्या, एका गटाला खरी गोळी एका गटाला खोटी, आकडे मांडलेले होते. सप्लिमेंटमध्ये बहुतेक वेळा तो कागदच नसतो, मग पकडणार काय?

एक गोष्ट मात्र सप्लिमेंटवाल्यांच्या बाजूने मान्य करायला पाहिजे. आहे तशा वनस्पतीवर पेटंट मिळत नाही, मग कोट्यवधी डॉलर घालून चाचणी कोण करेल, निकाल आला की शेजारचा पण तोच विकणार. म्हणून सरकारी पैशाने चाचण्या झाल्या, आणि निकाल गोड नव्हते. गिंकगो या झाडाचा अर्क ३,००० हून जास्त वृद्धांना दिला, स्मृतिभ्रंश थांबला नाही. बीटा-कॅरोटिनचं, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या घटकाचं, तर अति झालं, धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरपासून वाचवेल म्हणून फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त पुरुषांवर व्हिटॅमिन ई सोबत त्याचीही चाचणी केली, आणि १९९४ मध्ये निकाल आला की बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त! चाचणी केली नसती तर आज आपण ते आनंदाने गिळत असतो.

## पण मला तर फरक पडला

पडला असेल, मी नाही म्हणत नाही. फक्त माणूस गोळी कधी सुरू करतो, तर त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा. सर्दी, पाठदुखी, थकवा, ही सगळी चढ-उताराची दुखणी. शिखरावर असताना काहीही केलंत तरी पुढचा रस्ता बहुतेक वेळा उतारच असतो, श्रेय मात्र त्या दिवशी हातात जी बाटली होती तिला जातं.

## म्हणजे सगळं बोगस?

नाही हो. फॉलिक अ‍ॅसिड घ्या, १९९१ साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं की ज्यांच्या आधीच्या बाळाला मेंदू किंवा मणक्याचा जन्मजात दोष होता त्या बायकांनी गरोदरपणाच्या आधीपासून ते घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण व्हीगन, म्हणजे दूधसुद्धा न घेणाऱ्या माणसाला बी-१२ घ्यावंच लागतं. तपासून कमतरता निघाली तर ती भरून काढायलाच पाहिजे. घोळ होतो तो कमतरता नसताना 'असू दे, चांगलं असतं' म्हणून घेण्यात.

अमेरिकेसारखंच सगळीकडे असायला पाहिजे असंही नाही. कॅनडात २००४ पासून अशा उत्पादनाला आधी परवाना आणि बाटलीवर आठ आकडी नंबर लागतो. युरोपात पारंपरिक वनौषधी म्हणून नोंद करायची तर ३० वर्षं वापर दाखवावा लागतो, त्यातली १५ साधारणपणे युरोपातली. भारतात सप्लिमेंट अन्नाच्याच कायद्याखाली येतात, 'औषधी वापरासाठी नाही' असं लेबलवर लिहावं लागतं, आणि आयुर्वेदिक औषधांचा परवाना वेगळ्या, औषधांच्या कायद्याखाली असतो. प्रत्येक देशाने लायसन्सची टेस्ट कुठे घ्यायची ते आपापलं ठरवलंय.

## मग बाटली हातात आली की

मी आधी मागची बाजू वाचते. ब्लेंड आहे का, प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगळं दिलंय का, युएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ संस्थेचा शिक्का आहे का. हा शिक्का गुण येईल असं सांगत नाही, तो एवढंच सांगतो की लेबलवरचं आत आहे आणि शिसं-बिसं मर्यादेत आहे. पण तेवढं तरी कळतं.

आणि डॉक्टरला सांगायचं, न विचारता सांगायचं, कारण 'औषधं कुठली चालू आहेत' म्हटलं की लोक सप्लिमेंट मोजतच नाहीत. बायोटिनचंच बघा, केस आणि नखांसाठी घेतात, अगदी निरुपद्रवी वाटतं. पण रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तात ते भरपूर असेल तर यंत्र फसतं. थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. २०१७ मध्ये एफडीएने याचा इशारा दिला तेव्हा बायोटिनचा मोठा डोस घेणाऱ्या आणि ट्रोपोनिन असं खोटं कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचा त्यात उल्लेख होता. तेव्हा लॅबचा फॉर्म भरताना 'चालू औषधं' या रकान्यात ती केसांची गोळी पण लिहा, डोसासकट.